उंबरखोऱ्याची बोलणारी मडकी

उंबरखोऱ्यात पूर्वी एक नियम होता. झऱ्याकाठचे मडके बोलले, तर त्याला ओ देऊ नये. का देऊ नये, हे विचारायचे नाही. लहान पोरे मडक्यांपाशी गेली की थोरली माणसे त्यांच्या तोंडावर हात ठेवून त्यांना ओढत खाली आणत.

आज खोऱ्यात कुणी पाहुणा आला, की त्याला आधी त्या झऱ्यावर नेतात. तिथे ओल्या काळ्या मातीत एका ओळीत आठ मडकी गळ्यापर्यंत पुरलेली दिसतात. तोंडाला फडके, फडक्याला सुंभाचा वेढा. आत नागलीचे, म्हणजे नाचणीचे, आंबवण मुरत असते. दुसऱ्या दिवसापासून ते आतल्या आत पुटपुटू लागते. पाहुणा वाकून कान लावतो आणि म्हणतो, आंबायला लागले की बुडबुडे यायचेच. सांगणारा म्हातारा मान हलवतो. मग तिथल्याच खडकावर टेकतो आणि मथीची हकिगत सांगतो.

मथी बांबूकाम करणारी होती. आईबाप लहानपणीच गेले, तिला गोमती आत्याने वाढवले. आत्या विधवा, मूलबाळ नाही. बोलणे कमी, गावाच्या लेखी किंमत त्याहून कमी. मथी मात्र जिभेची तिखट. टोपल्या, सुपे, कणग्या विणून ती दोघींचे पोट भरी, आणि आंबवणाचा तिला नाद होता. नाद म्हणजे नादच. प्रत्येक घराचे एक मडके झऱ्याकाठी असे, पण मथीचे मडके उघडले की शेजारीपाजारी वाटी घेऊन हजर होत. नागली वाहत्या पाण्यात भिजवायची, पळसाच्या पानांवर मोड आणायचे, वाळवून दळायची, पेज शिजवून करंगळी सोसेल इतकी निववायची, मग मागच्या खेपेचा गाळ मूठभर घालायचा. हे सगळ्यांनाच येई. मथीच्या हाताला काय वेगळे होते, ते तिलाही सांगता येत नसे.

एकदा शनिवारच्या बाजाराला तिने टोपल्यांबरोबर एक घागर नेली. दुपारपर्यंत घागर रिकामी झाली. पुढच्या खेपेला दोन नेल्या. तेव्हा तिने ठरवले, आठवड्याचे चार दिवस बांबू आणि तीन दिवस मडकी. झऱ्याकाठी तिने स्वतःच्या हातांनी नवे खड्डे खणले आणि एकाची आठ मडकी केली.

आत्या म्हणाली, "दोन दगडांवर पाय ठेवू नये गं पोरी."

"पाय माझे आहेत ना आत्या? दगडांनी तक्रार केली तर बघू."

एक मडके पुटपुटते ते समजत नाही. एका ओळीत आठ मडकी एकदम पुटपुटली की सबंध झरा कुजबुजतो, असे सांगतात. पहिल्याच आठवड्यात मथीला त्यात शब्द असल्यासारखे वाटले. कुणी तरी कुणाला तरी हाक मारत होते. तिच्या ओठांवर ओ आला, आणि सवयीने तिने तो गिळला.

पावसाळ्याच्या तोंडावर तिच्याकडे कणग्यांचे मोठे काम आले. हात रिकामे नव्हते. एरवी प्रत्येक खेपेनंतर ती मडक्यांना कडुनिंबाच्या पानांची धुरी देई, तेव्हा मात्र तिने ती नुसती विसळून घेतली. चौथ्या दिवशी फडकी सोडली तर आठही मडकी नासलेली. आंबट भपकारा, वर पांढरी साय. मथीने एकेक मडके उपडे केले आणि स्वतःलाच शिव्या दिल्या.

गावाने मात्र वेगळेच धरले, झरा कोपला. पाटील रावजी आणि लखमा भगत भर दुपारी तिच्या अंगणात येऊन बसले. मागे गावातली आणखी जाणती माणसे होती. त्यांनी तिला नियमाचा दुसरा अर्धा भाग सांगितला, जो तोवर बायकांच्या कानी पडू दिला जात नसे. एका घराचे एक मडके झऱ्याला चालते. कुणी जास्त मांडली, तर झऱ्याला एक नाव द्यावे लागते. ज्याचे नाव दिले, त्याला त्या नावाने पुन्हा कुणी हाक मारायची नाही. आधी हाक बंद, मग पंगतीचे बोलावणे बंद, मग समोरून गेले तरी पाहणे बंद. वर्ष भरायच्या आत ते माणूस आपल्या पायांनी झऱ्याकडे निघे आणि परत येत नसे. आणि असे कुणी होते, हेही गावाला आठवत नसे, म्हणे.

"मडकी मोडायची नसतील तर नाव दे," भगत म्हणाला. "बाजारात खोऱ्याचं नाव झालंय. आम्हालाही मडकी मोडायची नाहीत."

"कुणाचं नाव?"

सगळ्यांनी चुलीपाशी बसलेल्या गोमती आत्याकडे पाहिले.

"मडकी माझ्या आळसानं नासली," मथी म्हणाली. "मी धुरी दिली नाही. त्यात आत्याचा काय संबंध?"

"चार टोपल्या विकून शहाणी झालीस," पाटील म्हणाला. "तुझ्या आज्याच्या वेळेलाही असंच झालं होतं. नाव दिलं, मडकी गोड झाली. जुनी माणसं काय खुळी होती?"

आत्या पदर सावरत उठली. ती म्हणाली, "द्या माझं नाव. तसंही मला कोण हाक मारतं? ही पोरगी तेवढी मारते."

हे ऐकून मथीला काय झाले, ते सांगणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. तिने आत्याचा हात धरला आणि ती झऱ्याची वाट चढू लागली. मागून पाटील, भगत आणि बाकीचे ओरडत निघाले. वर ऊन टळटळत होते. पाखरू बोलत नव्हते. आदल्या दिवशी मथीने मडकी धुरी देऊन, नव्याने भरून पुरली होती, आणि ती पुटपुटत होती. माणसे जवळ आली तशी कुजबुज वाढली. फडकी आतून कुणी फुंकावे तशी वरखाली होऊ लागली.

"मागं हो!" भगत ओरडला.

मथी गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात मातीवर टेकले आणि मोठ्याने म्हणाली, "ओ!"

कुजबुज थांबली. झऱ्याचे पाणीही वाजायचे थांबले, असे सांगतात. मग पहिल्या मडक्यातून आवाज आला, बाईचा, थकलेला, पण स्वच्छ.

"मी चांगुणा. लखमाची बहीण."

भगताला बहीण नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होते. त्यालाही माहीत होते. पण त्याचा हात आपोआप डोक्याच्या मागे गेला, लहानपणी कुणी तरी तिथे तेल घालत असे त्या जागी.

दुसरे मडके म्हणाले, "मी बनाबाई. रावजीच्या बापाची पहिली बायको. मला मूल झालं नाही."

पाटलाने मान वळवली. तिसरे म्हणाले, "मी देवका. गोमे, तुझ्या वेण्या कोण घालतं आता?"

गोमती आत्या त्या मडक्यापाशी टेकली. ती म्हणाली, "मला वाटायचं, थोरली बहीण मला स्वप्नात दिसली होती. आई म्हणायची, तू एकटीच माझी."

पुढची मडकीही बोलली. आठही नावे बायकांची होती. कुणी विधवा, कुणी वांझ म्हणून हिणवलेली, कुणी एका डोळ्याने आंधळी. ज्यांच्यासाठी भांडायला कुणी उभे राहिले नसते, अशाच. मथी प्रत्येक नावाला ओ देत गेली. शेवटचे नाव ऐकून झाल्यावर ती उठली. गुडघ्यांना माती तशीच होती.

"आता कळलं ओ का द्यायचा नाही ते," ती म्हणाली. "ओ दिला की ह्या सांगतात, आपण कोण आणि कुणाच्या घरच्या. झऱ्यानं कधी कुणाचं नाव मागितलं होतं? सांगा ना, भगतबाबा. तुम्ही त्याच्याशी बोलता म्हणता."

मग ती पाटलाकडे वळली.

"मडकी मी मोडणार नाही. आत्याचं नाव देणार नाही. कुणाचंच देणार नाही. आणि इथून पुढं ह्यांनी हाक मारली की मी ओ देणार, रोज देणार. कुणाला अडवायचं असेल त्यानं आत्ता अडवावं."

पाटलाने तोंड उघडले. पण तो काय बोलणार होता, ते कुणालाच कळले नाही. पहिल्या मडक्याचे फडके हळूच फुगले, आणि पाटलाने तोंड मिटले. एकेक करून सगळी थोरली माणसे खाली मान घालून उभी राहिली. मथी आत्याला नावाने हाका मारत, बोलत बोलत, उतार उतरून गेली.

त्या खेपेचे आंबवण कसे झाले, याबद्दल खोऱ्यात एकमत नाही. कुणी गोड म्हणतात, कुणी म्हणतात घशाखाली उतरले नाही.

आजही शुक्रवारी दुपारी मडक्यांची फडकी सोडायची वेळ झाली, की बायका झऱ्यावर जमतात आणि आठही नावांना मोठ्याने ओ देतात. गावातले जाणते पुरुष जरा अंतरावर टोप्या हातात घेऊन उभे असतात. त्या वेळी त्यांना कुणी काही विचारले, तरी ते बोलत नाहीत.