पिस्तुलावरचा दिवा

एका गावात गुणाप्पा नावाचा एक गुळाचा व्यापारी होता. गूळ विकून विकून त्याची जीभ गोड झाली होती, पण जीव मात्र भित्राच राहिला होता. बाजारातून रोकड घेऊन तिन्हीसांजेला ओढ्यातून घरी यावं लागे, म्हणून त्यानं रीतसर परवाना काढून एक पिस्तूल घेतलं. ते सदा त्याच्या कमरेला असे. भांग पाडतानाही कमरेला आणि लग्नाच्या पंगतीत बसतानाही कमरेला. आजवर त्यातून एकही गोळी सुटली नव्हती, आणि त्याबद्दल गाव देवाचे आभार मानत होतं.

एकदा तालुक्याच्या दुकानात त्याला एक बोटभर लांबीचा विजेचा दिवा दिसला. तो पिस्तुलाच्या नळीखाली बसवायचा होता. दुकानदार म्हणाला, "शेठ, चोर अंधारातच येतो. दिसलाच नाही तर पिस्तूल काय पूजेला ठेवायचं?" गुणाप्पाला हे पटलं. त्यानं दिवा घेतला आणि घरी येऊन बायकोला, गिरजाला, दाखवला.

गिरजा म्हणाली, "दिवा झ्याक हाय. पर हातात धरा. अवो, नळीला बांधला तर दिवा जिकडं जाईल तिकडं नळी बी जाईल. नुसतं बघायचं म्हटलं तरी माणसावर नेम धरायचा व्हय?"

"तुला हत्यारातलं काय कळतंय?" गुणाप्पा म्हणाला.

त्याचे वडील आप्पा सोप्यात शेंगा फोडत बसले होते. ते म्हणाले, "दिवा बसव न्हाईतर घंटा बसव. मला तेवढा वखारीतला बाभळीचा ओंडका दे. होळी जवळ आली."

"तो नव्या पलंगासाठी ठेवलाय. मिळायचा नाही," गुणाप्पा म्हणाला आणि दिवा नळीखाली बसवून मोकळा झाला.

झालं! त्या दिवसापासून घरात वीज गेली की गुणाप्पा पिस्तूल उपसायचा. पलंगाखालची चप्पल त्यानं पिस्तूल रोखून शोधली. माठात पाणी किती उरलं तेही त्यानं पिस्तूल रोखूनच पाहिलं. एका संध्याकाळी शेजारची सुगंधा विरजण मागायला आली. कोण आलंय ते बघावं म्हणून गुणाप्पानं दिवा लावला, तर बाई वाटी टाकून जी पळाली ती थेट देवळात जाऊन थांबली. पुढं लोक त्याच्या दारावरून जाताना लांबूनच ओरडू लागले, "मी सुगंधा हाय वो! विरजणाला आलोय!" गुणाप्पाला वाटलं, आपला गावात दरारा वाढला.

आता त्या गावची एक जुनी रीत सांगायला हवी. होळीचं लाकूड तिथं कुणी मागून आणत नसे, पळवूनच आणत. ज्याचं लाकूड जाई त्यानं चार शिव्या द्यायच्या, पण मनात राग धरायचा नाही. मात्र लाकूड पळवताना तोंडातून शब्द काढायची बंदी होती. जो बोलला तो सापडला, आणि मग लाकूड मुकाट्यानं परत ठेवावं लागे. गुणाप्पानं स्वतः लहानपणी अशी किती लाकडं पळवली होती. पण दिव्याच्या नादात त्याला होळी कधी आली तेच कळलं नाही.

होळीच्या संध्याकाळी तो बाजारातून परतला. अंगणात चांदणं पडलं होतं, पण वखारीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार होता. आणि त्या अंधारात काहीतरी जड हलवल्याचा आवाज येत होता.

गुणाप्पा वखारीच्या दारात थांबला. त्यानं पिस्तूल काढलं. "कोण आहे?" तो ओरडला.

आवाज एकदम थांबला. उत्तर नाही.

"बोला, नाहीतर गोळी घालीन!"

तरी कुणी बोललं नाही. साधासुधा माणूस असता तर बोलला असता, हा दरोडेखोरच, असं गुणाप्पानं ठरवलं. त्यानं बोट चापावर ठेवलं आणि दिव्याचं बटण दाबलं.

उजेडात आप्पा उभे होते. धोतराचा काचा मारलेला, एका खांद्यावर बाभळीचा ओंडका, आणि ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे म्हातारे दोस्त बाळकू तांबट. दोघांनी ओठ घट्ट मिटले होते. उजेडानं आप्पांचे डोळे दिपले होते, त्यामुळं त्यांना पिस्तूल दिसतच नव्हतं. पोरानं हटकलं तरी तोंड उघडलं नाही म्हणून ते मिटल्या तोंडानं खुदुखुदु हसत होते. आणि हसणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या बंडीच्या बरोबर मधल्या गुंडीवर नळी रोखलेली होती.

गुणाप्पाचं बोट अजून चापावरच होतं. हा आपला बाप आहे एवढं कळायलासुद्धा त्याला बापावर पिस्तूल रोखावं लागलं होतं. गिरजाचं बोलणं त्याला आत्ता कळलं. त्यानं आधी बोट चापावरून काढलं, मग नळी हळूच जमिनीकडं वळवली. नळीबरोबर उजेडही खाली गेला आणि वखारीत पुन्हा अंधार झाला.

"अरं, दिवा का काढलास?" आप्पा ओरडले. "नीट धर की! उंबरा दिसंना, पडतोय आता मी!"

ओंडका जड होता, आप्पांचं वय झालं होतं आणि पुढं दगडी उंबरा होता. उजेड तर लगेच हवा होता. पण पिस्तुलासकट दिवा बापाकडं वळवायची गुणाप्पाची आता छाती होईना. त्यानं दिवा ओढून नळीपासून सोडवला, पिस्तूल कमरेला खोचलं आणि नुसता दिवा हातात घेऊन आप्पांच्या पावलांपुढं धरला. उंबरा लख्ख दिसला.

"आप्पा, तू बोललास!" बाळकू कपाळावर हात मारून म्हणाला. "सापडलो की रं! आता ठेवा लाकूड माघारी."

आप्पांचं तोंड एवढंसं झालं. दोघं गुणाप्पाकडं बघू लागले. रीतीप्रमाणे ओंडका आता त्याचा होता.

गुणाप्पानं डोळे पुसले. "मला तर काहीच ऐकू आलं नाही," तो म्हणाला, आणि एका हातात दिवा धरून त्यानं दुसरा खांदा ओंडक्याखाली दिला.

त्या वर्षीच्या होळीत सगळ्यात मोठा ओंडका गुणाप्पाच्या वखारीतला होता, आणि सगळ्यात मोठी बोंब आप्पांची होती. घरी आल्यावर गुणाप्पानं वखारीतली सगळी गोष्ट गिरजाला खाली मान घालून सांगितली. ती त्याच्या पानात तूप वाढत म्हणाली, "पोळी खायच्या आधी तेवढं कमरेचं काढून कुलपात ठेवा." त्यानं मुकाट्यानं ठेवलं. इतक्यात दारात पाऊल वाजलं. गुणाप्पानं हातातला दिवा वर धरून पाहिलं, तर वाटी घेऊन सुगंधा उभी होती. या खेपेला ती पळाली नाही. विरजण तर तिनं नेलंच, वर दोन पुरणपोळ्याही नेल्या.

तात्पर्य: बघायचं काम हत्याराला सांगू नये. अंधारात आधी माणूस ओळखावा. माणूस ओळखला की हत्यार बहुधा लागतच नाही.