रायाजीला न दिसणारं घर

एका राज्यात एक राजा होता. त्याला प्रजेच्या घरांची भारी उठाठेव. पदरी रायाजी नावाचा हेर होता. दाराच्या फटीला डोळा लावावा, कोण कुणाबरोबर कसं राहतं ते बघावं, दरबारात सांगावं, एवढंच त्याचं काम. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून. त्यावरच त्याला मानाची पगडी मिळाली होती.

एकदा तो गावकुसाबाहेरच्या झोपडीत डोकावला. तिथे तुंगा आणि मैना या दोघीजणी राहत. एका चुलीवर रांधत, एका वाकळीखाली निजत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रायाजीने चुगली केली आणि राजाने दोघींना रानात हाकललं. तुंगा जादूगारीण होती. वेशीवर वळून ती म्हणाली, "लोकांची घरं चोरून बघणाऱ्या डोळ्यांना स्वतःचं घर दिसणार नाही."

रायाजी घरी आला. बायको येसूचा आवाज येई, लेकीची पैंजणं वाजत, पुढ्यात ताट येई. माणूस मात्र दिसेना. न दिसणाऱ्या लेकीने गळ्यात हात टाकले, तेव्हा तो ढसाढसा रडला.

तुंगेला शोधत तो रानात शिरला. झाडावरून धनेश पक्षी बोलला, "तीन दारांशी थांब. जमेल तो हातभार लाव. 'असं का?' म्हणून मात्र विचारू नकोस."

पहिलं दार धनेशाचंच. त्याच्या मादीने ढोलीत बसून दार लिंपून घेतलं होतं, चोचीपुरती फट ठेवून. रायाजीची जीभ वळवळली. त्याने ती दातांखाली धरली. दोन-तीन महिने तो नरासोबत उंबरं वेचत राहिला. मग भिंत फुटली आणि जुनी पिसं टाकून, नवी लेवून ती राणीसारखी बाहेर आली!

दुसरं दार तळ्यात, कमळाच्या पानावर. तिथे कमळपक्ष्यांतला बाप अंडी उबवत होता आणि आई पलीकडे दुसरा संसार मांडत होती. रायाजीने साप हुसकले, विचारलं काही नाही. पिल्लं निघाली. बापाने ती पंखांखाली उचलली आणि पानांवरून चालू लागला. बाहेर नुसते इवले पाय लोंबत होते. काय सृष्टी आहे ही! रायाजी पोटभर हसला.

तिसरं दार तुंगेचं. त्यालाही फट होती. रायाजीने डोळे मिटले, ओल्या मातीचा गोळा घेऊन फट बुजवली आणि म्हणाला, "माझ्या जिभेने तुमचं घर मोडलं. क्षमा असावी."

आतून तुंगा म्हणाली, "राजापुढेही जीभ आवरशील, तर शाप उतरेल."

तो दरबारात गेला. "महाराज, त्या दोघींना परत बोलवावं."

राजा गरजला, "त्या एकमेकींच्या कोण लागतात? बोल, नाहीतर मान जाईल."

"महाराज, त्या आपली प्रजा लागतात. त्यापुढचं मला ठाऊक नाही, आणि आपण विचारूही नये." मग त्याने पगडी काढून ठेवली आणि रानात पाहिलेल्या त्या दोन पाखरांच्या घरांची गोष्ट सांगितली.

राजा सिंहासनावरून पुढे झुकला आणि म्हणाला, "त्या धनेशाचं पुन्हा सांग." त्याने ते तीनदा ऐकलं आणि हुकूम दिला: दोघींना मानाने आणा, यापुढे कुणाच्या घरात डोकावू नका.

रायाजी घरी धावला. दारात येसू उभी. कानशिलावर चार केस पिकलेले, गालावर तीळ.

"असं काय बघताय?" ती म्हणाली.

"तुला बघतोय. इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं."

त्याचा शाप उतरला, तसा ऐकणाऱ्यांचाही उतरो.