चांदीचा कान

जनावरं आपसात बोलत, त्या काळातली ही गोष्ट. माणसांना त्यातलं काही कळत नसे, ते मात्र आजच्यासारखंच.

तान्हूबाईच्या घरामागच्या परड्यात कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडायच्या. त्यांतली ठिपकी रोज गोठ्यात शिरून चांदी गाईच्या कानामागचे गोचीड टिपायची. चांदीला राग यायचा. "माझ्याच शेणातले किडे खातेस आणि वर मलाच टोचतेस," ती म्हणायची.

एकदा तान्हूबाईला गाईच्या कानावर रक्त दिसलं. ते फुटलेल्या गोचिडाचं होतं, पण तिला वाटलं, कोंबडीनेच चोच मारली. "माझ्या गाईला जखम करतेस होय गं?" असं म्हणत तिने ठिपकीला खुराड्यात कोंडलं. चांदीला खरं माहीत होतं. तरी ती मध्ये आली नाही, रवंथ करत राहिली.

थोड्याच दिवसांत तिच्या कानामागे एरंडाच्या बियांएवढे गोचीड लटकू लागले. कडबा गोड लागेना, दूध आटलं. अखेर एका सकाळी तिने दावं तोडलं, थेट खुराड्यापाशी गेली आणि मान वाकवून आपला कान फटीला लावला.

"मी तेव्हाच मध्ये यायला हवं होतं," ती म्हणाली.

"आधी कान हलवू नकोस," ठिपकी आतून म्हणाली आणि टिपू लागली.

मागोमाग धावत आलेली तान्हूबाई ते पाहून थबकली. "चुकलं गं माझं, बाई," म्हणत तिने खुराडं उघडलं.

तेव्हापासून ठिपकी गोठ्यात शिरली, की चांदी तोंडातला घास टाकून खाली बसायची. कोंबडीला उडी मारावी लागू नये म्हणून.