फिलूचं गवत

फिलू गरीब होती, मनाने गोड होती आणि बाई गं, हट्टी तर किती! तिला वडील नव्हते. आई चर्च झाडायची, त्यावर दोघींची चूल पेटायची.

डिसेंबरात त्यांच्या वाडीतल्या मुलांची एक रीत होती. चांगलं काम केलं की चर्चमधल्या नाताळच्या गोठ्यात गवताची एक काडी ठेवायची, म्हणजे बाळ येशूला मऊमऊ बिछाना. एकदा काडी ठेवताना फिलूचा धक्का लागला, मूर्ती पडली आणि बाळाचा इवलासा हात तुटला.

"कोणी केलं हे?" चर्चमधल्या सिस्टर कडाडल्या.

फिलूने घाबरून मैत्रिणीकडे, रेजिनाकडे बोट दाखवलं. रेजिना गप्प राहिली. नाताळला बाळ येशूला मिरवत नेण्याचा तिचा मान गेला.

तेव्हापासून फिलूचा एकच सपाटा! याचं पाणी भर, त्याचं बाळ सांभाळ, काड्यांवर काड्या. अहो, पाप कधी गवताखाली झाकतं का? पण या पोरीला सांगणार कोण!

नाताळच्या दिवशी ती चर्चच्या अंगणातल्या सोनचाफ्याखाली रडत बसली, तर पिवळ्याधमक फुलातून एक परी उतरली. चमचमते पंख, चंदेरी चपला, चिमुकलं नाक आणि त्या नाकावर राग.

"तीन इच्छा देते. पण झालेलं न झालेलं होणार नाही. बोल लवकर."

"मला खूप गवत दे!"

"गवत? अगं, रेशमी झगा माग, खाऊ माग!"

फिलू ऐकेल तर शपथ. गोठा हिरवागार भरला, पण मन हलकं होईना.

"मग मूर्तीचा हात नीट कर." तोही झाला. रेजिनाचे डोळे मात्र रडून लालच होते.

"मग सगळ्यांना विसरायला लाव!"

परीने कपाळावर हात मारला. "आणि तू विसरशील? किती डोकं फोडू तुझ्यापुढे! जा, खरं सांग."

"आईचं काम जाईल गं!"

"जाईलही. तरी सांग."

फिलू चर्चमध्ये सिस्टर आणि रेजिनापुढे जाऊन उभी राहिली. "सिस्टर, मूर्ती मी पाडली. रेजिनाने नाही."

"मला माहीत होतं," रेजिना हळूच म्हणाली. "मी बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या आईचं काम गेलं असतं ना."

फिलूला रडू कोसळलं. एवढ्या काड्या रचल्या, आणि तिची शिक्षा रेजिनाने केव्हाच आपल्या अंगावर घेतली होती!

"वेड्या पोरींनो, फिलूच्या आईला कोण काढतंय!" सिस्टरांनी डोळे पुसले आणि बाळ येशू रेजिनाच्या हातात दिला.

"फिले, नुसती रडतेस काय? एका बाजूने धर की!" रेजिना म्हणाली.

"अगं, तिसरी इच्छा राहिली!" परी खिडकीतून ओरडली. कुणी मान वळवली नाही. "ऐकणार असेल तर ना!" असं म्हणत ती फणकाऱ्याने सोनेरी उजेडात विरून गेली, आणि दोघी बाळाला घेऊन चालू लागल्या.