गेनबा आणि चिकट पायांचे रोबो

एका गावात एक भोळा रखवालदार होता. नाव गेनबा. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, म्हणून आजवर त्याच्या सहा नोकऱ्या सुटल्या होत्या. सातवी लागली ती गावच्या पाण्याच्या टाकीवर.

टाकीला तडे गेले होते. ते शोधायला शहरातून देवस्थळे बाई आल्या. सोबत तळहाताएवढे तीन रोबो. त्यांच्या चिकट पायांना बोटं होती आणि ते पालीसारखे भिंतीवर सरसर चढत.

"शुक्रवारी मोठे साहेब येतील," बाई म्हणाल्या. "तोवर नीट काम केलंस, तर तुला कायम करा म्हणून सांगते."

मंगळवारी पहिला रोबो हातभर चढला आणि पडला.

"पायांना धूळ आहे, गेनबा. चढण्याआधी पाय ओल्या फडक्यानं पुसायचे."

"पुसतो, बाई."

बुधवारी सरपंच टाकी बघायला आले. ते शिडीकडे वळताच गेनबानं त्यांच्या चपला काढल्या आणि दोन्ही तळवे ओल्या फडक्यानं पुसले. सरपंच तिसऱ्या पायरीवरून घसरले ते थेट चिखलात.

"अरे, माणसाचे पाय कशाला पुसलेस? माणूस चढताना शिडी धरायची. पक्की. हलू द्यायची नाही."

"धरतो, बाई."

गुरुवारी दुसरा रोबो चढू लागला. त्याला शिडी नव्हती. म्हणून गेनबानं रोबोलाच धरलं. पक्कं. तासभर हलू दिलं नाही. शेवटी रोबो हातात आला, एक पाय मात्र भिंतीवरच राहिला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "चिकटलेल्याला असं ओढतात होय रे? वर जायचं, हलक्या हातानं एकेक बोट सोडवायचं आणि खाली टोपलीत सोडायचं. आता आणखी चूक झाली तर तू घरी!"

गेनबानं रात्रभर ते घोकलं.

शुक्रवारी साहेब आले. बाई जीपमधून तिसरा रोबो आणायला गेल्या, तेवढ्यात साहेब म्हणाले, "यंत्र कशाला? मीच बघतो." आणि चढले. अर्ध्यावर त्यांनी खाली पाहिलं. डोळे गरगरले. दोन्ही हातांनी त्यांनी शिडीला मिठी मारली.

"अरे, कुणीतरी वर या! हात सुटत नाहीत माझे!"

गेनबाची छाती फुगली. हे त्याला येत होतं. त्यानं खाली टोपली नीट मांडली आणि वर गेला.

"ओढू नकोस रे मला!" साहेब ओरडले.

"छे छे, साहेब. ओढत नसतात."

त्यानं करंगळीपासून सुरुवात केली.

"अरे, अरे! हे काय चाललंय?"

"हलू नका, साहेब. एकच बोट राहिलंय. आणि खाली टोपली आहे."