दहांतले तिघे

जंगलांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका डोहात एक म्हातारी जळू राहायची. उन्हाळा लागला की सगळी जनावरं एकेक पाय डोहात घालून उभी राहत, आणि जळू थेंबभर रक्त चाखून कोण पावसाळा बघेल ते सांगे. तिचा शब्द सहसा खोटा ठरत नसे, आणि त्याचा तिला मोठा तोरा होता.

एका वर्षी गवा आला. अंग म्हणजे काळा कातळ, दुखणं कसलं ते ठाऊक नाही. जळूनं रक्त चाखलं आणि म्हणाली, "कडू लागतंय रे बाबा. असं रक्त असलेल्या दहांतले सात पावसाळ्याआधी जातात."

"आणि उरलेले तिघे?" गव्यानं विचारलं.

"ते जगतात."

"ते कळलं गं, आजी. पण जगतात कशानं? काय खातात, कुठलं पाणी पितात?"

जळू आठवू लागली. गेलेल्यांची नावं तिला तोंडपाठ होती, कारण तिचा शब्द त्यांनीच खरा केला होता. वाचलेल्यांची मात्र तिनं कधी साधी विचारपूसही केली नव्हती.

गवा मान खाली घालून डोहाबाहेर निघाला. तशी जळू घाईघाईनं त्याच्या पायाला चिकटली, पण या खेपेला तिनं दात लावले नाहीत.

"चल," ती म्हणाली, "त्या तिघांना शोधू. वाटेत मला पाडू मात्र नकोस."