दारावरची कडुलिंबाची डहाळी

फार पूर्वी, तुतीच्या बागांनी वेढलेल्या एका गावात एक बाई रेशमाच्या अळ्या पाळायची. सगळं गाव त्याच धंद्यातलं, पण हिच्या हाताला यश भारी. कारण अळीच्या झोपेला ती फार जपायची. कोष विणण्याआधी अळी चार वेळा झोपते. कितवी झोप किती वेळाची, हे बाईला तोंडपाठ होतं. अळ्या झोपल्या की ती त्यांच्या खोलीच्या दारावर कडुलिंबाची डहाळी टांगायची. डहाळी दिसली की गावातलं कुणीही आत जात नसे, पाला घालत नसे, मोठ्याने बोलतसुद्धा नसे.

बाईला तीन मुलं. थोरली चौदा वर्षांची, मधला आठ वर्षांचा आणि धाकटी चार वर्षांची. त्यांच्या झोपेला मात्र कसली डहाळी नि कसलं काय! ऊन चढण्याआधी पाला तोडायचा, म्हणून कोंबडा आरवला की तिघांचीही पांघरुणं ओढली जायची. रात्री आईचं आवरेपर्यंत तिघंही जागीच.

"मी पाच तास झोपते, तुम्हीही तेवढंच झोपा. माझ्या घरात सगळे सारखे," असं ती अभिमानाने सांगायची. एवढी हुशार बाई, पण इथे तिची अक्कल चरायला जायची.

थोरली दूध चुलीवर ठेवून विसरायची. मधला उगाच कुणाशीही भांडायचा. धाकटी तर घास तोंडात तसाच धरून पेंगायची.

एका सकाळी अळ्या चौथ्या झोपेत होत्या. पेंगुळलेला मधला डहाळीखालूनच आत गेला आणि झोपलेल्या अळ्यांवर टोपलीभर ओला पाला ओतून आला. निम्म्या अळ्या दगावल्या.

"झोपलेल्या जिवांना त्रास दिलास? झोप मोडली की जीव पोसत नाही, शंभरदा सांगितलं ना!" बाईने हात उगारला.

तेवढ्यात धाकटीने तिचा पदर ओढला. "आई, अळी व्हायला काय करावं लागतं गं?"

"कशाला?"

"मग तू मला पण झोपू देशील."

उगारलेला हात खाली आला. बाई खाली बसली आणि मधल्याला पोटाशी धरून रडली. मग डोळे पुसून उठली ती काहीतरी ठरवूनच. तडक गावच्या सुईणीकडे गेली.

सुईण म्हणाली, "अळीचं कळतं आणि पोरांचं कळत नाही होय गं तुला? तान्ह्याला चौदा तास लागतात. तुझ्या धाकटीला बारा, दुपारची झोप धरून. मधल्याला दहा, थोरलीला नऊ. त्यावरच अंग भरतं नि डोकं चालतं. आणि तूही सात तास तरी झोपत जा, बाई."

त्या दिवसापासून बाईने पाला संध्याकाळीच तोडायला घेतला. पहिल्या दिवशी तो सकाळपर्यंत सुकला. शेजारीण हसली, "पोरांना लोळवायची हौस!"

"लोळवत नाही, झोपवते," बाई म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा संध्याकाळीच बागेत गेली. तिने पाला ओल्या गोणपाटाखाली ठेवून पाहिला, तेव्हा कुठे तो टवटवीत राहिला. थोरली लवकर निजायला कुरकुरायची. बाईने आपल्याही गप्पा बंद केल्या आणि दिवा लवकर मालवायला सुरुवात केली. आठवडाभर घरात रुसवेफुगवे चालले, पण बाई हटली नाही.

महिना गेला. धाकटी पोटभर जेवू लागली. मधला भांडायचं विसरला. नव्या अळ्यांमध्ये एक निस्तेज अळी थोरलीच्याच नजरेला पडली. तिने ती लगेच वेगळी काढली, म्हणून रोग पसरला नाही.

एके दिवशी भल्या पहाटे शेजारीण टोपली मागायला हाका मारत आली. दारावर डहाळी दिसताच तिने आवाज एकदम उतरवला.

"अळ्या झोपल्यात का गं?"

"अळ्या केव्हाच्या जाग्या आहेत," बाई हळूच म्हणाली. "ही डहाळी पोरांच्या खोलीवरची."

शेजारीण टोपली न घेताच पाऊल न वाजवता घरी परतली. चुलीजवळ तिचा सहा वर्षांचा मुलगा बसल्या बसल्या पेंगत होता. तिने त्याला उचलून अंथरुणावर ठेवलं, पांघरूण घातलं आणि कडुलिंबाची डहाळी तोडायला अंगणात गेली.

तात्पर्य: घरातलं प्रेम सगळ्यांना सारखं द्यावं, झोप मात्र ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे द्यावी, आणि ती राखणं हे मोठ्यांचं काम आहे.